बाहेरच्या बाकावरची आई

विकासात मागे असलेल्या किंवा दिव्यांग मुलांच्या कुठल्याही थेरपी सेंटरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेलं तर चित्र तेच दिसतं. आतल्या खोलीत मूल आणि थेरपिस्ट. बाहेर बाकावर आई, मांडीवर मुलाचं दप्तर, हातात पाण्याची बाटली. दार बंद. ४५ मिनिटांनी दार उघडतं, "आज छान बसला, घरी हे दोन व्यायाम करून घ्या," असं उभ्याउभ्या सांगून होतं आणि तोवर पुढचं मूल आत शिरलेलं असतं. दारातल्या या पाच मिनिटांचीच नोंद फाइलमध्ये 'पालक मार्गदर्शन' म्हणून होते.

आमचं म्हणणं सरळ आहे. आईवडिलांना शिकवणं, त्यांचं ऐकून घेणं आणि त्यांना सावरणं हा मुलाच्या थेरपीचाच भाग धरला पाहिजे. त्याला ठरलेली वेळ हवी, त्याची वेगळी नोंद हवी, खासगी सेंटरमध्ये त्याची फी उघडपणे घेतली जावी आणि सरकारी केंद्रात ते थेरपिस्टच्या कामात मोजलं जावं. त्यासाठी मुलाबरोबरची काही सत्रं कमी करावी लागली तरी ती करावीत.

आधी हिशेब पाहू. चार वर्षांचं मूल दिवसाचे साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे ८४ तास. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी (बोलण्याची) किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची) लावली तर थेरपिस्टच्या वाट्याला त्यातला दीड तास येतो. उरलेले साडेब्याऐंशी तास मूल आई, बाबा, आजी, शेजारची मुलं आणि बालवाडीतल्या बाई यांच्यात असतं. शिवाय एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप उतरत नाही. सेंटरमधल्या लाल ठोकळ्याला 'लाल' म्हणणारं मूल घरातल्या लाल बादलीसमोर गप्प राहतं, कारण त्याने तो शब्द त्या खोलीशी, त्या टेबलाशी आणि त्या ताईच्या आवाजाशी बांधून ठेवलेला असतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये ही गाठ जास्त घट्ट असते. ती सुटायची तर तोच शब्द न्हाणीघरात, जिन्यावर, भाजीवाल्यासमोर यायला हवा, आणि तिथे थेरपिस्ट नसते.

हे गोव्यात रीतसर करून पाहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांसाठी 'पॅक्ट' नावाची पद्धत तयार झाली होती. तिला आपल्याकडच्या घरांना मानवेल असं रूप देऊन गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या मदतीने आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एक चाचणी झाली. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं तिच्यात होती. सत्रं देणारे पदवीधर थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पंधरवड्याला एक अशी १२ सत्रं झाली. आई किंवा बाबा मुलाशी थोडा वेळ खेळणार, त्याचं चित्रीकरण होणार, मग कार्यकर्ता आणि पालक शेजारी बसून ते पाहणार. कुठे मुलाने काहीतरी सुचवलं आणि आईने ते पकडलं, तिथे चित्र थांबवायचं. त्या क्षणापासून शिकवणं सुरू. २०१६मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले होते आणि मुलं आपणहून आईवडिलांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. हेही सांगायला हवं, कारण पालकांना आत घेतलं की सगळं सुधारतं असा आमचा दावा नाही. मूळ ब्रिटिश चाचणीत १५२ मुलं होती. उपचार संपले तेव्हा लक्षणांमधला फरक नगण्य होता, पण सहाएक वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली तेव्हा ज्यांच्या आईवडिलांना शिकवलं होतं त्या मुलांची लक्षणं तुलनेने सौम्य होती. आईचा हात वळला की तो वर्षानुवर्षं कामाला येतो, हे त्यावरून समजतं.

दुसरं उदाहरण अडखळत बोलणाऱ्या लहान मुलांचं. सिडनीत तयार झालेल्या लिडकम पद्धतीत उपचार देणारी व्यक्ती आई किंवा बाबाच असते. रोज १०-१५ मिनिटं ठरवून गप्पा मारायच्या, मूल न अडखळता बोललं की सहज आवाजात "किती सलग सांगितलंस!" म्हणायचं, आणि झोपण्याआधी त्या दिवसाच्या बोलण्याला ० ते ९ यातला एक आकडा द्यायचा. ० म्हणजे अजिबात अडखळलं नाही, ९ म्हणजे कमालीचं अडखळलं. आठवड्याला एकदा थेरपिस्टसमोर आईने हेच करून दाखवायचं असतं. चुकतं कुठे, तेही ठरलेलं आहे. आई प्रत्येक वाक्याला शाबासकी देते आणि मूल वैतागतं. किंवा कौतुकापेक्षा "नीट बोल, हळू बोल" जास्त होतं. किंवा आकडा रोज न लिहिता रविवारी आठवून सात दिवसांचे एकदम भरले जातात. या चुका थेरपिस्टने डोळ्यांनी पाहिल्या तरच पकडता येतात, दारात उभं राहून विचारल्याने नाही.

मग आई बाहेर का राहते? सेंटरमधून पहिलं उत्तर मिळतं, "आई आत असली की मूल काम करत नाही." सुरुवातीच्या दोन-तीन सत्रांत ते खरंही असतं. मूल आईकडे धावतं, रडतं, आई "कर ना रे, दाखव ना ताईला" म्हणत राहते. यावर उपाय सोपा आहे. आईला मुलाच्या समोर न बसवता बाजूला, थोडं मागे बसवावं आणि बघण्याचं एक नेमकं काम द्यावं: पुढच्या पाच मिनिटांत त्याने कुणाच्याही चेहऱ्याकडे किती वेळा पाहिलं, ते मोजा. हातात काम आलं की आई गप्प बसते आणि बघायला लागते. चौथ्या सत्रापर्यंत तिला अशा गोष्टी दिसू लागतात ज्या थेरपिस्टच्याही नजरेतून सुटतात.

दुसरं उत्तर पालकांकडूनच येतं: पैसे आम्ही भरायचे आणि कामही आम्हीच करायचं? हा प्रश्न रास्त आहे, कारण पहिल्या भेटीत कुणी त्यांना वेगळं काही सांगितलेलंच नसतं. बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला द्यावं तसं मूल सेंटरमध्ये सोडलं आणि नीट करून आणलं, अशी कल्पना असते. पहिल्याच दिवशी, फी सांगतानाच, सांगावं: "महिन्याच्या आठ सत्रांपैकी सहा तुम्ही मुलासोबत आत असाल, एक फक्त तुमच्याशी बोलण्यासाठी असेल, एकात मी एकटी त्याच्यासोबत काम करेन." हे कागदावर मराठीत लिहून द्यावं. नंतर सांगितलं की ते काम टाळल्यासारखं वाटतं.

आता सत्र कसं असावं, त्याबद्दल जरा सविस्तर, कारण 'पालकांचा सहभाग' हे शब्द सगळेच वापरतात आणि खोलीत काय घडायला हवं ते फार कमी ठिकाणी ठरलेलं असतं.

सुरुवात दिवसापासून करावी. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात काय काय होतं ते क्रमाने विचारावं: दात कोण घासून देतं, आंघोळीला किती वेळ लागतो, जेवताना टीव्ही असतो का, पाणी किती वाजता येतं, बाबांची शिफ्ट कुठली. याला तासभर लागतो आणि तो तास फुकट जात नाही. त्यात दोन गोष्टी हाती लागतात: आईला सगळ्यात जड जाणारी वेळ आणि मूल सगळ्यात खुलणारी वेळ. पहिलं उद्दिष्ट या दोनपैकी एका वेळेत बसवायचं, आणि ते एकच ठेवायचं.

समजा मूल तीन वर्षांचं आहे, बोलत नाही, आईचा हात धरून बिस्किटाच्या डब्याकडे नेतं. आई डबा उघडून बिस्कीट देते. इथे बदल एवढाच करायचा: बिस्किटाचा अर्धा तुकडा द्यायचा, दुसरा अर्धा मुलाच्या नजरेच्या उंचीवर धरायचा आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. मुलाने पाहिलं, हात पुढे केला, काहीही आवाज काढला, तर त्याच क्षणी तुकडा हातात आणि एक शब्द: "दे." बस्स. थेरपिस्टने हे दोन मिनिटं करून दाखवावं, मग आईने पाच मिनिटं करावं, थेरपिस्टने पाहिलेलं सांगावं, आईने पुन्हा करावं. पहिल्या फेरीत हमखास होणाऱ्या चुका अशा: आई पाचऐवजी वीस मोजते आणि मूल रडून उठतं, थांबण्याऐवजी "काय पाहिजे? बोल. बिस-कीट. बोल ना" असा तगादा सुरू होतो, आवाज आला तरी 'शब्द' आला नाही म्हणून तुकडा रोखून धरला जातो. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. मुलाला वाटतं, आवाज काढूनही काही मिळत नाही, आणि पुढच्या वेळी ते थेट ओरबाडतं.

आईचं बरोबर जमलं की तिच्याच फोनवर तिचाच व्हिडिओ काढून द्यावा, अर्ध्या मिनिटाचा. घरी आजीला, बाबांना दाखवायला तो दहा पानी सूचनांपेक्षा उपयोगी पडतो. यूट्यूबवरचा दुसऱ्या देशातला व्हिडिओ पाठवण्याने हे साधत नाही. त्या घरात गालिचा असतो, खेळण्यांनी भरलेली खोली असते आणि शेजारी कुकरची शिट्टी होत नसते.

पुढच्या भेटीत पहिला प्रश्न "केलं का?" हा नसावा. त्या प्रश्नाला एकच उत्तर सुरक्षित असतं, "हो, केलं," आणि आई ते देते. "या आठवड्यात कुठे अडलं?" असं विचारलं की खरं बाहेर येतं: सासूबाईंनी अख्खा डबाच हातात दिला, दोन दिवस मूल तापाने फणफणलं होतं, किंवा मला रात्री साडेअकरापर्यंत बसायलाच मिळालं नाही. हे ऐकल्यावर योजना बदलायची असते, आईला नाही.

घरच्या व्यायामांचे कागद याच्या नेमकं उलट करतात. बारा व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि बरेचदा इंग्रजीत. साधा गुणाकार केला तरी दिवसाला ३६० वेळा काहीतरी करायचं ठरतं. पहिले चार दिवस होतं, पाचव्या दिवशी सुटतं, आणि मग आई अपराधी चेहऱ्याने बाकावर बसते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलांच्या घरच्या कार्यक्रमांवर आयोना नोवाक यांनी ऑस्ट्रेलियात केलेला, २००९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे मार्गदर्शक आहे. ३६ मुलं, आणि घरीच करायचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम. पालकांनी तो महिन्याला सरासरी १७-१८ वेळा, एकेका वेळी १५-२० मिनिटं केला आणि मुलांच्या हालचालींत व रोजच्या कामांत फरक दिसला. रोज नाही, तास-तासभर नाही. पण उद्दिष्टं कुटुंबानेच निवडलेली होती आणि थेरपिस्ट मध्येमध्ये फोन, भेटी करून आधाराला होती. चमच्याने स्वतः खाणं, शर्टाची बाही घालणं अशी उद्दिष्टं आईबाबांनी निवडली की ते त्यांच्यासाठी वेळ काढतात. 'बोटांची पकड सुधारणे' हे उद्दिष्ट थेरपिस्टच्या वहीतलं असतं. आईसाठी ते मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं, मूग निवडणं असंच यायला हवं. चाळीतल्या एका खोलीत झोपाळा आणि ट्रॅम्पोलिन लावा असं सांगण्यापेक्षा गोधडीत गुंडाळून लोळवणं आणि अर्धी बादली पाणी दोघांनी मिळून ओढणं सांगावं.

याच संदर्भात एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ताठ स्नायूंच्या मुलांचे पाय हाताने ओढून ताण देण्याचं काम आईला दिवसातून तीन-चार वेळा सांगितलं जातं. मूल रडतं, आई दात-ओठ खाऊन ओढते, आजी ओरडते. हाताने दिलेल्या अशा ताणाचा टिकाऊ फायदा अभ्यासांत फारसा दिसलेला नाही. त्याऐवजी मूल दिवसभर कसं बसतं, कसं उभं राहतं, कसं उचललं जातं यावर तोच वेळ खर्च केला तर पाठ, कंबर आणि आई-मुलाचं नातं, तिन्ही वाचतात.

भरवण्याचं तर नक्कीच आत बसवून शिकवावं, कारण यात जिवाला धोका असतो. आपल्याकडे मूल मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने तोंडात ओतण्याची जुनी रीत आहे. गिळण्यात अडचण असलेल्या मुलाच्या बाबतीत घास किंवा पेज श्वासनलिकेत उतरण्याची हीच सगळ्यात सोपी वाट. वारंवार होणारा न्यूमोनिया अनेकदा इथून येतो. मूल ताठ बसलेलं हवं. कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय लोंबकळते न ठेवता पाटावर टेकलेले, डोकं किंचित पुढे. आईने मुलाच्या समोर, त्याच्याच उंचीवर बसावं. ती उभी राहिली की मूल वर बघतं आणि मान मागे जाते. चमचा समोरून, खालच्या बाजूने आणावा, जिभेच्या मध्यावर हलका दाब द्यावा आणि ओठ मिटण्याची वाट पाहावी. वरच्या दातांवर चमचा खरवडून अन्न सोडू नये. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नको. पातळ पेज किंवा डाळीचं पाणी घशात पटकन घसरतं. घट्ट वरण-भात, मऊ खिचडी बऱ्याच मुलांना जास्त सुरक्षित पडते, पण किती घट्ट ते त्या मुलाला पाहूनच ठरवावं लागतं. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, घासानंतर आवाज ओला-घोगरा होणं, ही थांबण्याची चिन्हं आहेत. एक जेवण रोजच अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे जात असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. एवढं सगळं दारात उभं राहून सांगता येत नाही. आईने डब्यातून खिचडी आणावी आणि थेरपिस्टसमोर भरवावी. दोन सत्रं यातच गेली तरी ती सगळ्यात सार्थकी लागलेली सत्रं समजावीत.

ऐकू न येणाऱ्या मुलांचं थोडक्यात. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून लहान मुलांना लाखो रुपयांचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळतं. यंत्र चालू आहे की नाही हे मात्र रोज सकाळी आईलाच तपासायचं असतं: तोंड झाकून, मुलाच्या मागून किंवा बाजूने 'म्', 'ऊ', 'ई', 'आ', 'श्', 'स्' हे सहा आवाज एकेक करून काढायचे आणि मूल प्रत्येकाला प्रतिसाद देतं का पाहायचं. यात एक मिनिट जातं. ते कुणी शिकवलं नाही तर संपलेली बॅटरी किंवा तुटलेली तार आठवडाभर लक्षात येत नाही, आणि बोलणं शिकण्याच्या वयातले ते दिवस परत मिळत नाहीत.

इथवर जे लिहिलं ते शिकवण्याबद्दल. पण नुसतं शिकवणं म्हणजे आधार नव्हे, आणि इथेच आमच्या मताला सगळ्यात वजनदार आक्षेप येतो: तुम्ही आईला बिनपगारी थेरपिस्ट करून टाकता. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत 'पालक' म्हणजे आई. नोकरी तिचीच सुटते, झोप तिचीच जाते, आणि वर घरचे व्यायामही तिच्याच नावावर. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आम्ही एका वेळी एकच उद्दिष्ट, आणि तेही आधीच होत असलेल्या कामात बसवलेलं, असा आग्रह धरतो. आईच्या दिवसात नवा तास घालणारा कार्यक्रम चुकीचा समजावा. आठवड्यातला एक दिवस कसलीही थेरपी नाही, असंही लिहून द्यावं. ती परवानगी तज्ज्ञाकडून आली तरच आईला घेता येते.

आणि तिच्या मनाचं काय चाललंय हे विचारावं. निदानाच्या दिवसापासूनच. सहा पानांचा इंग्रजी अहवाल हातात देऊन आकडे वाचून दाखवायचे आणि "आता थेरपी सुरू करा" म्हणायचं, हा प्रकार थांबला पाहिजे. शक्य असेल तर दोन्ही पालकांना एकत्र बोलवावं. एकट्या आईला सांगितलं तर घरी जाऊन सगळ्यांना पटवण्याची जबाबदारीही तिच्यावर पडते. आधी त्यांना काय वाटतं ते विचारावं, मग अवस्थेचं नाव साध्या शब्दांत सांगावं आणि थांबावं. त्यानंतरच्या पाच मिनिटांतलं फारसं काही त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून मुख्य गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलवावं. खरे प्रश्न त्या दुसऱ्या भेटीत येतात.

त्यातला एक प्रश्न बहुतेक आया विचारतात, कधी उघड, कधी आडून: माझं काय चुकलं? गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, नोकरी केली, मोबाइल हातात दिला. या प्रश्नामागे तज्ज्ञांचंही पाप आहे. १९५०-६०च्या दशकांत ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारखे नामवंत लोक स्वमग्नतेचा दोष आईच्या थंड वागण्याला देत होते. १९६४मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही, ती कल्पना पुराव्यानिशी खोडून काढली. तरी तिची सावली अजून घराघरांत आहे. म्हणून "यात तुमची चूक नाही" हे वाक्य थेरपिस्टने स्पष्टपणे, आणि नवरा व सासूबाईंच्या देखत उच्चारावं. बंद खोलीत आईच्या कानात सांगितलेलं वाक्य घरी टिकत नाही. फाइलवर तिचं स्वतःचं नावही लिहावं. सेंटरमध्ये वर्षानुवर्षं तिला फक्त 'अमक्याची आई' म्हणून हाक मारली जाते.

नैराश्य ओळखण्यासाठी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी पुरेशी सोपी आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर पुढची मदत जोडून द्यावी. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे होकार आला तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायला हवं, आईला एकटं घरी पाठवू नये. पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं नसेल तर यादी भरून घेऊ नये, कारण विचारून सोडून देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. निदान १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक भिंतीवर आणि फाइलवर असावा. आईचं नैराश्य हा वेगळा विषय नाही. खचलेल्या आईला मुलाच्या आवाजाला पाच मोजून प्रतिसाद देणं जमत नाही, आणि वर सांगितलेली सगळी पद्धत तिथेच थांबते.

बाबांना एकच काम पूर्णपणे द्यावं, 'मदत' म्हणून नको. रविवारची आंघोळ किंवा रात्री झोपवणं त्यांचं एकट्याचं. ते शिकायला त्यांनी यावं म्हणून शनिवारी संध्याकाळची वेळ ठेवावी. आजी-आजोबांना एका सत्राला वेगळं, मानाने बोलवावं. "आजी, तुमच्या हातून तो सगळ्यात छान जेवतो, जरा दाखवा ना," अशी सुरुवात केली तर त्या पुढचं ऐकतात. "त्याचा बापही उशिराच बोलला होता" या वाक्याशी वाद घालत बसण्यात काही हशील नाही.

सरकारी पातळीवर सुरुवातीचा मान महाराष्ट्राचाच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झाला. त्यात फिरती पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात, विकासात मागे असलेली मुलं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. इथेच गाडी अडते. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आठवड्यातून दोनदा मूल घेऊन या असं त्या आईला सांगणं म्हणजे येऊ नका असंच सांगणं. एसटीचं तिकीट परवडलं तरी दोन दिवसांची मजुरी बुडते. अशा कुटुंबासाठी महिन्यातून एकदा सलग दोन-अडीच तासांचं, फक्त पालकांना शिकवण्याचं सत्र आणि मधल्या काळात गावातच आशा किंवा अंगणवाडी ताईंची भेट, हीच रचना चालू शकते. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य कार्यक्रम नेमका यासाठीच आहे: ९ गटसत्रं, ३ घरभेटी, चालवणारे तज्ज्ञ असण्याची गरज नाही. गोव्यातला अनुभव हेच सांगतो. नोंदवहीत 'पालक सत्र' असा वेगळा रकाना हवा. तो नसेल तर कामाच्या रेट्यात पहिल्यांदा तेच गळतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या करताना आईवडिलांचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद सुचवली आहे. तो भत्ता उपचारांशी जोडावा, म्हणजे शिकायला आलेल्या दिवसाची मजुरी तरी भरून निघेल. केंद्र सरकारी नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पित्यांना मिळते, दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची अटही नाही. पण ज्याची बायको घरी आहे अशा बापाला त्यातला एकही दिवस मिळत नाही. बाबा सत्राला येत नाहीत अशी तक्रार करण्याआधी निदान दिव्यांग मुलाच्या वडिलांना वर्षाला १२ दिवसांची उपचार रजा द्यावी, महिन्याला एक.

तोवर पालकांनी काय करावं? नवीन सेंटर निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. मी आत बसू शकते का? महिन्यातलं कुठलं सत्र फक्त आमच्याशी बोलण्यासाठी असेल? या महिन्याचं एकच उद्दिष्ट कुठलं, आणि ते घरातल्या कुठल्या वेळेत बसेल? घरी जमलं नाही तर मधल्या दिवसांत फोन कुणाला करायचा? पहिल्याच प्रश्नाला "आमच्याकडे पालकांना आत घेत नाहीत" असं उत्तर आलं तर कारण विचारावं. मुलाचं रडणं हे कारण असेल तर चार सत्रांची मुदत मागून घ्यावी. कारणच सांगितलं जात नसेल तर दुसरं सेंटर पाहावं, ते घरापासून थोडं लांब असलं तरी.